कोंकमध्ये मुक्काम: फ्रान्सच्या डोंगरी खेड्यात पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

दुपारी बाराच्या सुमारास कोंकमध्ये पोचलात तर बहुधा वाटेल, एवढ्यासाठी इतक्या लांब आलो? चर्चसमोरच्या छोट्याशा चौकात पर्यटकांचे घोळके, छत्री उंच धरून पुढे चालणारा गाइड, आइस्क्रीमची रांग, आणि पोस्टकार्डांच्या फिरत्या स्टँडची कुरकुर. संध्याकाळी सहाच्या आत हे सगळं बसमध्ये बसून निघून जातं. मग दगडी गल्लीत आपल्याच बुटांचा आवाज ऐकू येतो, कुणीतरी दाराजवळच्या कुंडीला पाणी घालत असतं, आणि लक्षात येतं की या गावात कायमची राहणारी माणसं तीनशेच्या आत आहेत.

म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. कोंक दोन तासांत 'करायचं' असेल तर न गेलात तरी चालेल. जायचं ठरवलंत तर किमान दोन रात्री राहा, जमल्या तर तीन. खालचं सगळं तुम्ही राहणार आहात असं धरूनच लिहिलंय.

गाव आहे फ्रान्सच्या दक्षिण भागात, आव्हेरों जिल्ह्यात. इथले लोक या मुलखाला अजूनही रुएर्ग या जुन्या नावानेच ओळखतात. उश नावाचा ओढा खोल दरीतून येऊन दूर्दू नदीला मिळतो आणि पुढे काही किलोमीटरवर दूर्दू लोत नदीला मिळते. त्या ओढ्यावरच्या उतारावर, सूर्याकडे तोंड करून, शिंपल्यासारख्या खोबणीत हे गाव बसलंय. नावही लॅटिनमधल्या शिंपल्यावरूनच पडलं. उच्चार 'कोंक' एवढाच. शेवटची अक्षरं लिहायची, म्हणायची नाहीत.

कधी जायचं

ईस्टर ते ऑक्टोबर हा हंगाम. जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा. ऊन कडक, खोल्या महाग, आणि दुपारची गर्दी वर सांगितली त्याच्या दुप्पट. मे आणि सप्टेंबर सुंदर, पण तेच इथून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थाला चालत जाणाऱ्या यात्रेकरूंचे लाडके महिने असल्यामुळे मुक्कामाची जागा दोन-तीन महिने आधी बघावी लागते. माझी पसंती ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याला. चेस्टनटची झाडं पिवळी पडायला लागतात, सकाळी दरीत धुकं साचतं, आणि 6 ऑक्टोबरला गावाच्या संतिणीचा, सेंत फ्वाचा दिवस असतो. त्याच्या आसपासच्या रविवारी उत्सव होतो. नोव्हेंबरनंतर मात्र निम्म्याहून अधिक दारांवर कुलूप दिसेल.

व्हिसाचं थोडक्यात: भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, प्रौढांसाठी फी 90 युरो (2024च्या जूनपासून), शिवाय किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा. अर्जासोबत प्रत्येक रात्रीचा मुक्काम दाखवावा लागतो. खेड्यातली घरगुती राहण्याची ठिकाणं मोठ्या बुकिंग साइटवर नसतात; त्यांना ईमेल करून नाव, तारखा आणि पत्ता असलेलं लेखी उत्तर मागवा. उत्तर चार-पाच दिवसांनी आलं म्हणून घाबरू नका. तिकडे तो वेग नॉर्मलच.

पोचायचं कसं

इथे बहुतेकांची गफलत होते. पॅरिस किंवा टूलूझपासून रोदेझपर्यंत येणं सोपं आहे; खरी परीक्षा शेवटच्या चाळीसेक किलोमीटरची. (रोदेझ असं आपण वाचतो, तिथले लोक 'रोदेस' म्हणतात. स्टेशनवर कान उघडे ठेवा.)

पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून रोदेझला रात्रीची गाडी आहे. झोपून सकाळी उतरायचं. आपल्या लोकांना स्लीपरची सवय असल्याने ही गाडी आवडते. मात्र रुळांच्या कामामुळे ती काही रात्री रद्द होते, तेव्हा तारीख ठरवण्याआधी गाडी आहे ना ते बघा. टूलूझहून दिवसा प्रादेशिक रेल्वेने सव्वादोन-अडीच तास लागतात.

रोदेझहून पुढे तीन पर्याय. प्रदेशाच्या 'लिओ' या सार्वजनिक सेवेच्या बसगाड्या आहेत, पण मोजक्या. त्यांची वेळ शाळा-बाजाराच्या हिशेबाने असते, पर्यटकांच्या नाही. काही फेऱ्या तर आदल्या दिवशी फोन करून मागवाव्या लागतात. दुसरा पर्याय टॅक्सी: मुक्कामाच्या यजमानांनाच आधी लिहून ठेवा, तेच ओळखीच्या टॅक्सीवाल्याला सांगतात. स्टेशनबाहेर येऊन अ‍ॅप उघडलंत तर स्क्रीनवर नुसता नकाशा दिसेल, गाडी नाही.

तिसरा आणि सोयीचा पर्याय, भाड्याची गाडी. निघण्याआधी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. गाडी मॅन्युअल गिअरची मिळते आणि उजव्या बाजूने चालवायची असते, हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतात त्या दोन गोष्टी. एक, जिथे चौकात काहीही पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, भले तो शेताच्या बोळातून ट्रॅक्टर घेऊन येत असो. दोन, लाल किनारीची गावाच्या नावाची पांढरी पाटी दिसली की तीच वेगमर्यादेची पाटी; तिथून 50. त्याच नावावर तिरकी लाल रेघ मारलेली पाटी आली की गाव संपलं.

रोदेझहून डी 901 या रस्त्याने मार्सियाकमार्गे या. मार्सियाकच्या आसपास माती एकदम लाल होते, आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखी. घरंही त्याच लाल दगडाची. त्या लाल उतारांवर द्राक्षमळे आहेत. तिथल्या रेड वाइनला 1990 पासून स्वतःच्या नावाचा कायदेशीर दर्जा आहे आणि तिच्या द्राक्षाला स्थानिक लोक 'मांसुआ' म्हणतात. पुढे सें सिप्रियां या गावात थांबून खरेदी उरकून घ्या: फळं, दूध, बिस्किटं, औषधं, रोख पैसे. कोंकमध्ये दुकानं आहेत, पण पर्यटकांसाठीची जास्त आणि कांदे-बटाट्याची कमी. तिथून कोंक सात-आठ किलोमीटर, दूर्दूच्या घळीतून.

गाडी गावाबाहेरच्या पार्किंगमध्ये, पैसे भरून. सामान हातात. चाकांची मोठी सूटकेस आणलीत तर दगडी फरसबंदीवर तिचा खडखडाट सगळ्या गावाला तुमच्या आगमनाची वर्दी देईल. पाठीवरची सॅक बरी.

मुक्काम कुठे

'शांब्र दोत' म्हणजे कुणाच्या तरी राहत्या घरातली खोली, सकाळच्या नाश्त्यासह. 'जीत देताप' म्हणजे पायी चालणाऱ्यांचं धर्मशाळेच्या जवळ जाणारं ठिकाण: एका खोलीत सहा-आठ पलंग, सामायिक बाथरूम, संध्याकाळी एकत्र जेवण. मठाचं स्वतःचं अतिथिगृहही आहे. ते ज्या संघाचे धर्मबंधू चालवतात तो संघ 1873 पासून इथे आहे. रोजचं काम हंगामापुरते येणारे स्वयंसेवक करतात. पायी येणाऱ्यांना तिथे प्राधान्य मिळतं, आणि ते योग्यच आहे.

बुकिंग करताना 'दमी पांस्यों' म्हणजे रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून घ्या. पैसे वाचतात हे एक, आणि दुसरं म्हणजे रात्री साडेआठनंतर गावात काही मिळेल ही आशा ठेवू नका.

दारात शिरताच रॅकवर बूट काढून ठेवायचे. चालून आलेल्यांना सॅकही खोलीत नेऊ देत नाहीत. ती खाली ठेवायला एखादी पेटी किंवा मोठी पिशवी देतात. ढेकणांची भीती असते. अपमान वाटून घेऊ नका, हा नियम जर्मन माणसालाही आहे. चादर-उशी बहुधा मिळते, टॉवेल आणि पातळ स्लीपिंग लायनर आपला असावा.

गावाचं घड्याळ

पहिल्या दिवशी मी पावणेदोन वाजता, रीतसर भूक लागल्यावर, एका खानावळीत गेले. टेबलं अर्धी भरलेली होती. वाढणाऱ्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अतिशय सौजन्याने 'स्वयंपाकघर बंद झालं' असं सांगितलं. मला वाटलं, आपल्याकडे बघून टाळतायत. मनात धुसफुसत सॅकमधले अक्रोड आणि चिक्की खाऊन दुपार काढली. माझ्या मागून आलेल्या फ्रेंच जोडप्यालाही तेच उत्तर मिळालं, तेव्हा राग गेला, भूक राहिली.

तेव्हा वेळ पाठ करा. दुपारचं जेवण बारा ते दीड. बारा ते दोन (कधी अडीच) दुकानं, पोस्ट, सगळं बंद. रात्रीचं जेवण मुक्कामावर सातला, आणि सात म्हणजे सात. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याचदा सोमवारीही शटर खाली. 'उव्हेर' उघडं, 'फेर्मे' बंद, 'कोंप्ले' जागा नाही. हे तीन शब्द वाचता आले तरी निम्मी धावपळ वाचते.

दुसरा नियम बोलण्याचा. दुकानात शिरताना कुणाच्याही नजरेला नजर मिळायच्या आधी 'बोंजूर' म्हणायचं. आपल्याकडे थेट 'भाऊ, हे केवढ्याला?' विचारलं तर कुणाला खटकत नाही. तिथे तो उद्धटपणा. 'बोंजूर मादाम', मग श्वास घ्या, मग विचारा. गल्लीत समोरून येणाऱ्या अनोळखी माणसालाही बोंजूर, संध्याकाळ झाली की 'बोंस्वार'. पाठीवर सॅक असेल तर लोक आपणहून 'बों शमां' म्हणतात, म्हणजे वाट सुखाची होवो. निघताना 'ओ र्‍व्हार' विसरू नका. माझं फ्रेंच यथातथाच आहे, पण एवढ्या चार शब्दांवर मला एका आजीबाईंनी घरामागची वाफ्यातली पालेभाजी दाखवायला नेलं होतं.

बेकरीतली चॉकलेट भरलेली पेस्ट्री इथे 'शोकोलातीन' म्हणून मागायची. पॅरिसचं नाव वापरलंत तर मिळेल, पण एक भुवई वर जाईल. पिशवीला 'पोश' म्हणतात.

आणि घंटा. फ्रान्सच्या कित्येक गावांत घंटा तासाचे टोल देते आणि थोड्या वेळाने तेच टोल पुन्हा देते, पहिले मोजायचे राहिले असतील तर. सकाळ, दुपार आणि संध्याकाळी प्रार्थनेची घंटा वेगळी. झोप सावध असेल तर कानात कापूस न्या. मला मात्र पहिल्या सकाळी कोड्यात टाकलं ते तिसऱ्याच एका घंटेने. सात वाजून वीस-बावीस मिनिटं, म्हणजे कुठलीच धड वेळ नाही, आणि दरीच्या पलीकडून एक बारीक घंटा वाजली. तीन-चार ठोके. थोड्या वेळाने पुन्हा दोन, जरा जोरात. यजमानीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, 'निघाल तेव्हा कळेल.'

चर्च: तीन वेगवेगळ्या वेळी बघा

सेंत फ्वाचं चर्च अकराव्या-बाराव्या शतकातलं. 1837 मध्ये स्मारकांचा सरकारी निरीक्षक म्हणून आलेल्या प्रॉस्पेर मेरिमेने ते पडायला आलेलं बघून दुरुस्तीसाठी पाठपुरावा केला, म्हणून आज उभं आहे. 1998 पासून ते आणि खालचा नदीवरचा पूल जागतिक वारशाच्या यादीत, सांतियागोला जाणाऱ्या यात्रामार्गांचा भाग म्हणून.

सकाळी आठला दारासमोर उभे राहा. तेव्हा चौक तुमचा असतो. मुख्य दारावरच्या अर्धवर्तुळात शेवटच्या न्यायाचा देखावा कोरलाय, 124 आकृत्या. मध्ये ख्रिस्त. त्याच्या खाली तराजू: एका बाजूला देवदूत, दुसऱ्या बाजूला सैतान, आणि सैतान बोटाने पारडं दाबायचा प्रयत्न करतोय. आपल्याला चित्रगुप्ताच्या वहीची सवय. इथे वजनकाटा आहे आणि काट्यात मापही मारलं जातंय. डावीकडे स्वर्ग, नीटनेटका आणि खरं सांगायचं तर जरा कंटाळवाणा. उजवीकडचा नरक बघायला दुर्बीण आणा. गळ्यात पैशाची थैली अडकवून फासावर दिलेला कंजूष, घोड्यावरून उलटा पडणारा गर्विष्ठ, आणि सशासारख्या प्राण्याने सळईवर भाजायला घेतलेला माणूस. गावकरी सांगतात, तो चोरून शिकार करणारा. शेवटी अगदी बाहेरच्या कमानीकडे बघा. दगडी पट्टीच्या कडेवरून बोटं टेकवून काही चेहरे नाकापर्यंतच वर आलेत, कठड्याआडून वरात बघणाऱ्या पोरांसारखे. त्यांना 'क्युर्यू', चौकस, असंच म्हणतात. ते सापडेपर्यंत आत जाऊ नका.

दुपारी आत जा, काचा बघायला. रोदेझमध्ये 1919 साली जन्मलेला चित्रकार पिएर सूलाज शाळकरी वयात इथे आला आणि इथेच त्याने कलाकार व्हायचं ठरवलं. 1986 मध्ये चर्चच्या खिडक्यांचं काम त्याच्याकडे आलं. 104 खिडक्या, पूर्ण झाल्या 1994 मध्ये. रंग एकही नाही. त्यासाठी खास तयार करवून घेतलेली दुधट, अर्धपारदर्शक काच आणि तिच्यातून वाकत जाणाऱ्या काळ्या रेघा. आधीच्या रंगीत चित्रांच्या काचा काढून हे बसवलं तेव्हा गावात नाराजी होती. मलाही पहिल्यांदा बघून हॉस्पिटलच्या खिडक्या आठवल्या. पण बाकावर अर्धा तास बसले. ढग सरकला तशी एक काच निळसर झाली, शेजारची पिवळट. सूर्य उतरल्यावर त्याच खिडकीत तांबूस छटा आली. बाहेरून काहीही आत दिसत नाही, फक्त उजेडाची प्रत बदलत राहते. नाराजी माझी तरी गेली. सूलाजचं काम आवडलंच तर रोदेझमध्ये 2014 साली त्याच्या नावाचं संग्रहालय झालंय, परतीच्या दिवशी दोन तास काढा.

बाजूच्या खजिनाघराचं तिकीट आहे. ते काढाच. आत सेंत फ्वाची सोन्याची मूर्ती आहे. ही मुलगी आजां गावची. ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिला म्हणून रोमन काळात, 303 च्या सुमारास, बाराव्या वर्षी तिला मारलं, अशी श्रद्धा. 866 मध्ये कोंकच्या एका साधूने तिच्या अस्थी आजांहून चक्क पळवून आणल्या. इथले लोक हे सांगताना अजिबात लाजत नाहीत. त्या अस्थींसाठी केलेली ही मूर्ती 85 सेंटिमीटर उंच, लाकडाच्या गाभ्यावर सोन्याचा पत्रा, सिंहासनावर बसलेली. डोकं कुठल्यातरी त्याहून जुन्या, रोमन काळाच्या अखेरच्या सोन्याच्या मुखवट्याचं. शतकानुशतकं भक्तांनी वाहिलेले खडे, मुद्रा, कोरीव मणी अंगभर जडवलेत. डोळे रोखलेले.

1013 मध्ये आंजे गावचा बेर्नार नावाचा शिकलेला पाद्री इथे आला आणि लोक मूर्तीपुढे लोटांगण घालताहेत हे बघून त्याने टिंगल केली: ही तर मूर्तिपूजा! पुढे त्याचं मत बदललं आणि त्यानेच तिच्या चमत्कारांची नोंद लिहून ठेवली. आपण मराठी माणसं त्या काचेसमोर उभे राहिलो की बेर्नारची पहिली अडचण आपल्याला नसते. अंगावर चढवलेले दागिने, नवसाचे खडे, समोरून थेट बघणारे डोळे. हात आपोआप जोडले जातात. माझेही गेले. शेजारच्या फ्रेंच काकांनी किंचित मान झुकवली आणि बाजूला सरकून जागा दिली.

क्रांतीच्या काळात चर्चची संपत्ती जप्त होत होती, तेव्हा गावकऱ्यांनी हा खजिना घराघरांत वाटून लपवला आणि पुढे परत आणून दिला, असं गावात अभिमानाने सांगतात.

तिसरी वेळ रात्रीची. हंगामात जेवणानंतर छोटी प्रार्थना होते, यात्रेकरूंना आशीर्वाद देतात, आणि मग मठातले एक बंधू दारासमोर उभं राहून शिल्पपट उलगडून सांगतात. फ्रेंच कळत नसलं तरी थांबा. लोक कुठे हसतात त्यावरून नरक कुठे आला ते कळतं. त्यानंतर ऑर्गन वाजत असताना वरच्या सज्ज्यात फिरता येतं.

खायचं काय

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या ईमेलमध्येच लिहा, दारात गेल्यावर नाही. नुसतं 'शाकाहारी' लिहिलंत तर मासे येऊ शकतात. 'मांस, कोंबडी, मासे खात नाही. अंडी चालतात' (किंवा चालत नाहीत) असं सुटंसुटं लिहा. सॅलड आणि ऑम्लेट मागताना 'सां लार्दों' म्हणा. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे तिथे आपल्या कोथिंबिरीसारखे सढळ हाताने पडतात. अगदी काटेकोर असणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की पारंपरिक फ्रेंच चीज विरजायला बहुधा वासराच्या पोटातला रस वापरतात.

ते चालत असेल तर 'आलिगो' हा तुमचा तारणहार. ओब्राक पठारावरचा पदार्थ: उकडलेला बटाटा घोटून त्यात ताजं, न मुरलेलं चीज, साय आणि लसूण घालून लाकडी उलथन्याने इतकं ओढायचं की हातभर लांब तार सुटते. वाढणारा माणूस ती तार कात्रीने कापण्याचा आव आणतो. हसा, नाहीतर तो पुन्हा करून दाखवेल. सोबत सॉसेज असतो, तो नको म्हणून सांगा. 'फार्सू' म्हणजे पालेभाजीची चपटी धिरडी, थेट आपल्या थालीपीठ-धिरड्याच्या कुळातली, पण काही घरी त्यात मांस घालतात तेव्हा विचारून. मासे खाणाऱ्यांनी 'एस्तोफिनाद' शोधावा: वाळवलेला मासा, बटाटा, अंडी आणि अक्रोडाचं तेल. समुद्रापासून इतक्या आत सुका मासा कसा, तर तो लोत नदीतून होड्यांनी वर यायचा. वास सुक्या बोंबलाची आठवण करून देतो, हे ज्यांना आवडतं त्यांच्यासाठी. गोडात 'फुआस', संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास असलेला गोल पाव.

मुक्कामावरचं जेवण म्हणजे पंगतच. लांब टेबल, मधोमध सूपचं मोठं भांडं, जो जवळ तो वाढतो. पाव ताटात नाही, थेट टेबलावर ठेवायचा. पाणी हवं तर 'कॅराफ दो' मागा, ते फुकट. 'पाणी' मागितलं तर बाटली आणि बिल. आपापली ताटली उचलून नेणं काही ठिकाणी अपेक्षित असतं. बाकीचे काय करतात ते बघा.

गावाबाहेर

पहिल्या संध्याकाळी फार लांब जाऊ नका. उशच्या दरीपलीकडे बांकारेल नावाची जागा आहे, तिथून गाव समोर दिसतं: करड्या दगडी फरश्यांची छपरं, एकाला एक खेटून, मध्ये चर्चचे मनोरे. ही छपरं कौलांची नाहीत, 'लोझ' म्हणजे पाटीच्या दगडाचे पातळ तुकडे माशाच्या खवल्यांसारखे बसवलेले. पाऊस पडून गेला की सगळं गाव चांदीसारखं चमकतं.

दुसऱ्या दिवशी चाला. गावातून जीआर 65 ही वाट जाते, फ्रान्समधल्याच ल प्वी गावापासून सुरू होऊन स्पेनच्या सीमेकडे, पुढे सांतियागोपर्यंत. ल प्वीहून इथवर लोक साधारण 200 किलोमीटर, दहाएक दिवस चालत येतात. तुम्ही तेवढं कशाला. टॅक्सीने सेनेर्ग गावी सोडायला सांगा आणि तिथून नऊएक किलोमीटर चालत कोंकला उतरा. म्हणजे गावात तुमचा प्रवेशही यात्रेकरूंसारखा, डोंगरावरून होईल. शेवटचा उतार तीव्र आणि दगडी आहे. चेस्टनटची ओली पानं साबणासारखी. काठी घ्या, स्पोर्ट्स शूज नको, धरणारे बूट.

खुणा वाचायला दोन मिनिटं लागतात. झाडावर, खांबावर, दगडावर पांढरा पट्टा वर, लाल खाली: बरोबर चाललात. तेच रंग फुलीच्या आकारात: चुकलात, मागे फिरा. पट्ट्याखाली वळलेला बाण: वळण. दहा-पंधरा मिनिटं एकही खूण दिसली नाही तर शेवटची खूण दिसली होती तिथे परत जा. 'पुढे सापडेल' हा आशावाद मला एकदा कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यात घेऊन गेला होता.

शेताचं फाटक उघडलंत तर लावून घ्या. पातळ तार दिसली तर ती विजेची समजा. गुरांच्या मधून वाट असेल तर लांबून वळसा घाला, विशेषतः वासरं असतील तेव्हा. ओब्राक जातीच्या गायींचे डोळे काजळ घातल्यासारखे असतात, फोटो कुंपणाबाहेरून. वाटेवर पडलेली चेस्टनटं आणि अळंबी कुणाच्या तरी मालकीची असतात, पिशवी भरू नका. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम, तेव्हा भडक रंगाचा शर्ट घाला, आणि 'शास आं कूर' अशी पाटी दिसली तर तिकडची पायवाट सोडा. गवतातून आल्यावर पायांना गोचीड लागलीय का ते बघा. दरीत मोबाइल रेंज जाते. आणीबाणीचा नंबर 112.

पाणी संपलं तर दफनभूमी शोधा. विनोद नाही. जवळपास प्रत्येक गावाच्या दफनभूमीत फुलांसाठी नळ असतो आणि यात्रेकरू तिथेच बाटल्या भरतात. फक्त 'नों पोताब्ल' लिहिलं असेल तर ते पिऊ नका. कोंकमध्ये चर्चजवळ प्लो नावाचा झरा आहे. बाराव्या शतकातल्या यात्रेकरूंच्या मार्गदर्शिकेतही चर्चच्या दारासमोरच्या उत्तम झऱ्याचा उल्लेख आहे. नऊशे वर्षांपूर्वीही लोक हेच विचारत होते, पाणी कुठे मिळेल.

गाडी असेल तर ग्रां वाब्रला जाऊन वर ला व्हांझेल या वस्तीत जा. मूठभर घरं, आणि खाली लोत नदीचं वळण. बघण्यासारखं काही नाही म्हणाल तर नाही. मी तिथे दोन तास होते.

निघताना

शेवटच्या दिवशी गाडी किंवा टॅक्सी दुपारची ठरवा आणि सकाळ मोकळी ठेवा. नाश्ता करून रू शार्लमान्य या उतरत्या गल्लीने खाली नदीपर्यंत जा. तिथल्या कमानींच्या पुलाला 'पों रोमां', रोमन पूल म्हणतात, पण तो रोमन नाही, मध्ययुगीन आहे. इथल्या जुन्या ऑक्सितान भाषेत यात्रेकरूला 'रूम्यू' म्हणतात. त्याचाच अपभ्रंश होऊन 'रोमां' झालं असावं, असं सांगतात.

पूल ओलांडला की वाट झाडीतून सरळ वर चढते. चढ दमवणारा आहे, अर्धा तास धरा, पाणी घ्या. वर सेंत फ्वाचं छोटं देऊळवजा चॅपेल आहे, दगडाचं, एका खोलीएवढं. तिथे घंटेची दोरी आहे. पुढे निघालेला प्रत्येक यात्रेकरू इथे थांबतो, वळून दरीपलीकडच्या गावाकडे एकदा बघतो आणि दोरी ओढतो. म्हणजे खाली राहिलेल्यांना कळतं की माणूस सुखरूप वर पोचला.

दोरी दोन्ही हातांनी धरा आणि हलकेच ओढा, जोर लावला तर घंटा अडखळून वाजते. माझे पहिले दोन ठोके तसेच वाजले. सव्वाआठ झाले होते. खाली कुणीतरी नवीन आलेलं खिडकी उघडून यजमानीणबाईंना विचारत असणार.